लाज वाटली की बाई हलते, हे खोटं आहे

गेल्या आठवड्यात आमच्या माहेरच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दुसऱ्या दिवशी तोच भिशीच्या ग्रुपवर, तिसऱ्या दिवशी शाळेतल्या मैत्रिणींच्या. त्यातली मुख्य वाक्यं अशी: "आपल्या आजीला जिम नव्हती, डाएट नव्हतं, तरी ती 80 वर्षं ठणठणीत जगली. धुणी-भांडी स्वतः करा, वेगळ्या व्यायामाची गरज नाही. 'आहे तशी मी छान' हे आळशी बाईचं सांत्वन आहे. आरशासमोर उभ्या राहा, लाज वाटू द्या, लाजच तुम्हाला हलवेल. वजन 55च्या आत आलं की सगळे आजार पळतील. फक्त 21 दिवस करा, सवय आपोआप लागेल."

खाली "अगदी खरं" असं लिहिणाऱ्यांत माझी चुलत वहिनी होती. दिवाळीत सगळ्यांसमोर तिने फराळाच्या ताटाला हात लावला नाही. रात्री मी पाणी प्यायला उठले, तर ती स्वयंपाकघरात दिवा न लावता उभ्याने चिवडा खात होती. मला बघून डबा लपवला. म्हणून हे लिहिते आहे.

आधी आजीचं. माझी आजीही ऐंशी पार करून गेली. पण तिच्या दोन बहिणी बाळंतपणात गेल्या, आणि त्यांची नावं सांगणारंही आता घरात कुणी नाही. जगल्या त्याच आज्या आपल्या आठवणीत राहतात. 1941 ते 1951 या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं. बालमृत्यूंमुळे हा आकडा इतका खाली जातो हे खरं, पण तेव्हा बायकांचं आयुर्मान पुरुषांपेक्षाही थोडं कमी होतं, हेही खरं.

आणि ठणठणीत? डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत 650 बायकांची तपासणी केली. तो अभ्यास 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि त्यासाठी आधी कधी तपासून घेतलेल्या होत्या फक्त 8 टक्के. त्या बायका शेतात राबत होत्या, पाणी वाहत होत्या. मेसेजमधल्या आजीसारख्याच, कुणाला काही न सांगता.

माझी आजी खाली बसताना नेहमी एक हात ओटीपोटाशी धरायची. आम्हाला वाटायचं, सवय असेल. तिचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येत होतं, हे ती गेल्यावर आईने सांगितलं. वीस-बावीस वर्षं तिने ते कुणाला दाखवलं नाही. लाजेपायी. आजीकडून घ्यायचीच तर ज्वारीची भाकरी घ्या, तिन्हीसांजेला जेवून मोकळं होणं घ्या, तिचं चालणं घ्या. तिचं गप्प बसणं घेऊ नका.

घरकामाबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटना शारीरिक हालचालीत घरकामही धरते, पण श्वास वाढेल इतका जोर त्यात लागत असेल तरच ते मध्यम व्यायामात मोजता येतं. ओळखायची सोपी खूण अशी: काम करताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. ओट्याशी उभं राहून वीस पोळ्या लाटताना पाय भरून येतात, कंबर धरते, पण गाणं म्हणता येतं. म्हणजे शरीर दमलं, हृदयाला आणि फुप्फुसांना फारसं काम मिळालं नाही. प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, असं या संघटनेचं 2020 चं मार्गदर्शन आहे. हा दुसरा भाग आपण बायका सोडूनच देतो. पाळी जाण्याच्या सुमारास हाडं झपाट्याने विरळ होऊ लागतात, तेव्हा त्याचीच सगळ्यात जास्त गरज असते. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर, दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. सुरुवातीला एवढं पुरतं.

पण वेळ कुठून आणायचा? 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवताना दिसल्या, आणि करणारे पुरुष 97 मिनिटं. पुरेशी शारीरिक हालचाल न करणाऱ्यांचा 2022 सालचा अंदाज भारतात बायकांत 57 टक्के होता आणि पुरुषांत 42. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा आणि मग आळस हा शब्द वापरा. ज्या घरात सकाळचा चहा आणि डबा दुसऱ्या कुणी हाती घेतला, त्या घरातल्या बाईला अर्धा तास मिळाला. मी आमच्या चालण्याच्या गटातल्या प्रत्येकीच्या घरी हेच पाहिलं आहे.

आता लाजेचं. सगळ्यात जास्त राग मला या वाक्याचा आला.

दुसऱ्या बाळंतपणानंतर मी मैदानावर चालायला जायचे. पंधरा दिवस झाले असतील. कट्ट्यावर बसलेल्या पोरांपैकी एक जण काहीतरी बोलला आणि बाकीचे हसले. ते शब्द इथे लिहीत नाही. मला भरपूर लाज वाटली, मेसेजला हवी होती तेवढी. त्या लाजेने मला हलवलं नाही, घरी पाठवलं. पुढची तीन वर्षं मी त्या मैदानावर पाऊल टाकलं नाही. लग्नाकार्याच्या फोटोत कुणाच्या तरी खांद्यामागे उभी राहायला शिकले. दम लागतो म्हणून एका डॉक्टरांकडे गेले, तर स्टेथोस्कोप लावण्याआधीच "आधी वजन उतरवा" असं ऐकून परत आले. पुढे वर्षभर कुठल्याच डॉक्टरांकडे गेले नाही. हिमोग्लोबिन साडेआठ निघालं ते नंतर, दुसऱ्या कारणासाठी रक्त तपासलं तेव्हा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय बायकांना रक्तक्षय आढळला होता. जिना चढताना धापा टाकणाऱ्या किती जणींना आपण आळशी म्हटलं असेल?

हा माझ्या एकटीचा अनुभव असता, तर मी त्यावरून मोठं बोलले नसते. इंग्लंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या 2,944 माणसांची चार वर्षांची माहिती घेऊन केलेला एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. वजनावरून आपल्याला वाईट वागणूक मिळते असं सांगणाऱ्यांचं वजन सरासरी 0.95 किलोने वाढलं होतं. बाकीच्यांचं 0.71 किलोने उतरलं होतं. अशा अभ्यासातून कारण आणि परिणाम शंभर टक्के सिद्ध होत नाही. पण लाजेने वजन उतरतं, या दाव्याला यात तिळभरही आधार सापडत नाही.

मग मी परत कशी गेले? मैत्रिणीने विचारलं, "पहाटे कुत्र्यांची भीती वाटते गं, सोबत येतेस?" एवढंच. वजनाचा विषयही निघाला नाही. पहिल्या महिन्यात मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मापाच्या स्पोर्ट्स ब्राचा. भरभर चालताना छाती हलते, दुखते, आणि आपण खांदे पुढे काढून पोक काढून चालतो. यावर आईने, बहिणीने कधी तोंड उघडलं नव्हतं. दुकानात नीट माप देऊन घेतली आणि दुसऱ्या दिवशी पाठ सरळ करून चालले. आरशासमोर कितीही उभी राहिले असते तरी हे झालं नसतं.

त्याच सुमारास घट्ट झालेले ब्लाऊज घेऊन शिंपीकाकांकडे गेले. मी खाली मान घालून "जरा जाड झालेय" म्हटलं. त्यांनी ब्लाऊज उलटा केला, आतली शिवण दाखवली आणि म्हणाले, "माया ठेवलीय की, ताई. सोडतो." बाईचं अंग वाढतं, उतरतं, हे गृहीत धरूनच ते चाळीस वर्षं कापड बेतत आले होते. मीच ते गृहीत धरलं नव्हतं.

'आहे तशी मी छान' म्हणत साखर तपासायचं टाळणाऱ्या बायका मलाही माहीत आहेत. आई मधुमेहाची रुग्ण असताना लेकीने तपासणी टाळणं धोक्याचंच. पण टाळण्यामागे बहुतेक वेळा भीती असते, कुणी काही बोलेल याची. ती भीती मेसेजने वाढवली.

वजन 55च्या आत, यावर फार लिहीत नाही. उंची न विचारता सांगितलेलं वजन निरर्थक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 साली स्वतःचंच उदाहरण छापलं. उंचीच्या प्रमाणात वजन दोघांचं अगदी सारखं, बीएमआय 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. दिसायला सडपातळ भारतीय माणूस आतून निरोगी असेलच असं नाही. काट्याबरोबर कमरेचा घेर मोजा, आपल्याकडे बायकांसाठी तो 80 सेंटीमीटरच्या आत असावा असं मानतात. तीन महिन्यांची सरासरी साखर, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन बघा.

राहिले 21 दिवस. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातला 'किमान' हा शब्द वाटेत गळाला. लंडनमध्ये 96 जणांवर झालेल्या आणि 2009 साली आलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 लागले, तर काहींसाठी अंदाज 254 पर्यंत गेला. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही, हेही त्यात दिसलं. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला म्हणून "माझ्याच्याने होत नाही" ठरवून टाकलेल्या बायकांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

गेल्या वर्षी गौरी-गणपतीत माझे अकरा दिवस बुडाले. सोवळ्याचा स्वयंपाक, पाहुणे, रात्रीचं जागरण. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मैत्रिणीची मिस्ड कॉल आली. मी बूट शोधले, तर एकात मोदकाच्या साच्याचा डबा ठेवलेला सापडला. तो काढून ओट्यावर ठेवला आणि खाली उतरले.

काल वहिनीला फोन केला. मेसेजचं काही काढलं नाही. तिच्या गावात नदीकाठी चालायला नवा रस्ता झालाय, तिथे पहाटे कोण कोण येतं, एवढं विचारलं. ती म्हणाली, शेजारच्या काकू जातात, त्यांना विचारते.