फॅनचा वेग बांधून ठेवला म्हणजे आयमॅक थंड झाला असं नाही

जुना इंटेल आयमॅक (इंटेल प्रोसेसरवर चालणारा ॲपलचा डेस्कटॉप) घोंघावायला लागला की एक सल्ला हमखास मिळतो: फॅन कंट्रोलचं ॲप टाका, वेग 1200 आरपीएमवर (मिनिटाला 1200 फेरे) बांधून ठेवा, प्रोसेसर स्वतःला जपतो, नुकसान काही नाही. जोडीला एसएमसी (फॅन आणि वीज सांभाळणारा मशीनमधला नियंत्रक) रिसेट करा आणि व्हॅक्यूम क्लीनरने धूळ ओढून घ्या, असंही सांगतात. यातल्या पहिल्या उपायाने आवाज खरोखरच जातो. म्हणून तर तो जास्त धोक्याचा.

वेग निम्मा केला की फॅनचा आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो. कानाला हा फरक मोठा वाटतो. पण हवाही निम्मीच वाहते, आणि आत तयार होणारी उष्णता आहे तेवढीच राहते.

प्रोसेसर स्वतःला जपतो हे खरं आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. 100 अंशांच्या जवळ पोचल्यावर इंटेलचा प्रोसेसर आपला वेग उतरवतो, म्हणजे शांततेची किंमत तुम्ही संथ कामाने मोजता. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये (कोणतं काम प्रोसेसर किती वापरतंय हे दाखवणारं मॅकमधलं ॲप) ‘कर्नल टास्क’ हे सिस्टिमचंच काम प्रोसेसर अडवून बसलेलं दिसतं, तेही बऱ्याचदा याचसाठी: इतर कामांना प्रोसेसर कमी मिळावा आणि तापमान आटोक्यात यावं. शिवाय 2012 नंतरच्या सडपातळ इंटेल आयमॅकमध्ये (आयमॅक प्रो सोडून) फॅन एकच असतो. ग्राफिक्स चिप, हार्ड डिस्क, पॉवर सप्लाय सगळे त्याच्याच भरवशावर. हार्ड डिस्कला प्रोसेसरसारखं हळू होऊन स्वतःला वाचवता येत नाही.

या सल्ल्यात ज्याचा उल्लेखच नसतो ते कारण म्हणजे बदललेली डिस्क. 2009 ते 2011 च्या आयमॅकमध्ये ॲपल डिस्कचं तापमान खास जोडणीतून वाचत असे. 2009 मध्ये सेन्सरची केबल डिस्कच्या कंपनीप्रमाणे वेगळी होती, तर 2011 मध्ये हे तापमान 7 पिनांच्या खास पॉवर कनेक्टरमधून जायचं. तिथे बाजारातली साधी एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपवर चालणारी डिस्क) बसवली की तापमान कळत नाही, आणि मशीन सावधगिरी म्हणून डिस्कसाठीचा वेगळा फॅन पूर्ण वेगाने सोडतं. दुकानातून एसएसडी टाकून आणल्याच्या दिवसापासून आवाज सुरू झाला असेल, तर आधी इथेच पाहा. खरा उपाय आहे या जोडणीत बसणारा तापमान सेन्सर. फॅन कंट्रोलचं ॲप इथे मात्र कामाचं आहे, पण वेग बांधून ठेवण्यासाठी नव्हे: फॅन एसएसडीने स्वतः सांगितलेल्या तापमानाशी जोडून द्या, म्हणजे गरज पडली की तो वाढेल. ॲप सुरू होईपर्यंत आवाज येणारच, तेवढा सोसावा.

एसएमसी रिसेट निरुपद्रवी आहे: मशीन बंद करून वायर काढा, 15 सेकंद थांबा, वायर लावून 5 सेकंदांनी सुरू करा. नियंत्रक गोंधळला असेल तर गुण येतो. धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) किंवा हरवलेला सेन्सर यावर त्याचा काडीचा उपयोग नाही.

व्हॅक्यूम क्लीनर मात्र नकोच. त्याच्या तोंडाशी स्थिर वीज साचते, आणि ओढीने फॅन भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं. मशीन बंद करून खालच्या कडेच्या जाळ्या आणि स्टँडमागचा झरोका मऊ ब्रशने साफ करा, मागे भिंत चिकटू देऊ नका. आयमॅकसाठी ॲपलने खोलीचं तापमान 10 ते 35 अंश सांगितलं आहे. मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या बिनएसी खोलीत ते सहज ओलांडलं जातं. तेव्हा फॅन वाढला तर त्याला वाढू द्या.

काही उघडण्याआधी ॲक्टिव्हिटी मॉनिटर पाहा. अपडेटनंतर स्पॉटलाइटची (मॅकमधल्या शोधाची) अनुक्रमणी चालू असेल तर ती संपू द्या. मग ‘डी’ दाबून धरून मशीन सुरू करा, म्हणजे ॲपलची स्वतःची तपासणी चालते. तपासणीत ‘पीपीएफ’ने सुरू होणारा कोड आला तर दोष फॅनकडे असू शकतो. पेस्ट बदलायची वेळ आली तर या कामाची सवय असलेला कारागीरच गाठा: 2012 पासून पडदा चिकटपट्टीने बसवलेला असतो, आणि आतल्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर वायर काढल्यावरही झटका देऊ शकतात.