खुलासा : व्हीसेंटरचा डेटाबेस बदलताना व्हर्च्युअल मशीन बंद पडत नाहीत
व्हीसेंटर (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने तयार केलेले आभासी संगणक, एका ठिकाणाहून सांभाळणारे व्हीएमवेअरचे सॉफ्टवेअर) विंडोजवरील एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधून अप्लायन्समधील (व्हीसेंटरच्या तयार आभासी यंत्रातील) पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसवर नेताना सर्व व्हर्च्युअल मशीन बंद ठेवावी लागतात, असा संदेश फिरत आहे. तो चुकीचा आहे. व्हर्च्युअल मशीन ईएसएक्सआय होस्टवर (ती प्रत्यक्ष चालवणाऱ्या सर्व्हरवर) चालतात, त्यामुळे व्हीसेंटर थांबले तरी ती चालूच राहतात, आणि आधीच कार्यान्वित केलेली हाय अव्हेलेबिलिटीही (होस्ट बंद पडल्यास त्यावरील मशीन दुसऱ्या होस्टवर पुन्हा सुरू करणारी सोय) होस्टवरील एजंट या छोट्या प्रोग्रॅमांच्या बळावर आपले काम करते. मात्र व्हीमोशन (चालू मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवण्याची सोय) आणि डीआरएस (होस्टवरील भार आपोआप वाटण्याची सोय) तेवढा वेळ मिळत नाहीत, हे खरे. गैरसमज बहुधा इथूनच पसरला असावा. या बदलात व्हीसेंटरमधील जुन्या नोंदींचा इतिहास पुसला जातो, असेही म्हटले जाते; तेही अर्धसत्यच, कारण व्हीसेंटर ६.५ च्या स्थलांतर साधनात घटना, कार्ये व कार्यक्षमतेची आकडेवारी सोबत नेण्याचा पर्याय आहे. बॅकअप मात्र आधी घ्यावाच.