दिसलं का?

कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या नॅचरल ब्रिजेस स्टेट बीचवर पाहुण्यांना नेताना मी आधीच बजावतो, नावावर जाऊ नका. खडकाच्या तीन कमानींपैकी एकच उरलीय. एक तर १९८० मध्येच समुद्रात गेली. पण आपण कमानी नाही, मोनार्क फुलपाखरं बघायला आलोय. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत ती इथल्या निलगिरीच्या राईत मुक्कामाला असतात.

यंदा आई होती. ती भल्या सकाळी स्वेटर घालून तयार. मोनार्कला मात्र घाई नसते. साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली त्याला उडताच येत नाही. तोवर हे सगळे पंख मिटून, एकमेकांना चिकटून फांदीला लोंबकळतात. मिटलेल्या पंखांचा रंग थेट वाळक्या पानाचा. आणि राहायला निवडलेल्या झाडाला वाळक्या पानांचा तोटा नाही!

लाकडी पायवाटेवर दुर्बीण लावून एक स्वयंसेवक आजी उभ्या होत्या. मी डोळा लावला. पानं.

"दिसलं?"

"वा! ब्यूटिफुल!"

मागे रांग होती. पुढच्या सगळ्यांना दिसलेलं आपल्याला दिसलं नाही, हे सांगायला छाती लागते. बायकोलाही दिसलं. चिरंजीवांना तर सात दिसली.

मग आई. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "अरे, ही तर पानं आहेत."

"काय म्हणाल्या?" आजींनी विचारलं.

"फार आवडलं म्हणते."

आजी खूश होऊन माहिती देऊ लागल्या, मी भाषांतर करू लागलो. २०२० च्या हिवाळी मोजणीत अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या सगळ्या मुक्कामांवर मिळून दोन हजारही मोनार्क भरले नव्हते. पुढच्याच वर्षी दोन लाखांवर गेले.

"मग त्या वर्षी पानं मोजली असतील," आई म्हणाली. हे मी भाषांतरित केलं नाही.

एवढ्यात फांदीवर ऊन आलं आणि त्या पानांच्या घोसाने पंख उघडले. नारिंगी, काळ्या शिरांचे. मग एक उडालं, मग दहा-बारा.

"अगंबाई! ही तर आपल्या रुईवरच्यांसारखी!"

खरंच, ती यांची चुलत भावंडं. मोनार्कच्या अळ्या खातात ते मिल्कवीडही रुईच्याच कुळातलं.

"परसात फुकट दिसतात रे. पार्किंगचे किती घेतले?"

मी वर बघत राहिलो. बायको कानाशी येऊन म्हणाली, "मघाशी दुर्बिणीत तुला खरंच दिसलं होतं?"

"तुला?"

"चल, भूक लागलीय."