बाबा रे, एकदा तरी ‘नाही’ म्हण!

एखाद्या सॉफ्टवेअरनं किती गप्प बसावं याला काही मर्यादा? एसक्यूलाइट म्हणजे माहिती साठवायचं डेटाबेस इंजिन; टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या पडद्यावर, त्याची जी काळी खिडकी उघडते ना, तिच्याइतकं मख्ख काही मी कॉम्प्युटरवर पाहिलेलं नाही. तुम्ही तिला काहीही सांगा, ती ऐकते. चूक सांगा, तरी ऐकते. मुकाट्यानं प्रॉम्प्ट, म्हणजे पुढची कमांड लिहायची खूण, परत देते आणि आपल्याकडं बघत बसते.

इंजिनाबद्दल माझी तक्रार नाही, आधीच सांगून ठेवतो, नाहीतर त्याचे चाहते लगेच धावून येतील. रिचर्ड हिप यांनी 2000 साली पहिल्यांदा बाहेर काढलेलं हे इंजिन आज प्रत्येक अँड्रॉइडमध्ये आणि आयफोनमध्ये आहे. सर्व्हर नको, इन्स्टॉलेशनची कटकट नको, अख्खा डेटाबेस एका फाइलीत, आणि वर फुकट. आमच्याकडं गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर जे म्हातारे पीसी धुगधुगतायत, त्यांच्यावर दुसरं काही धड चाललंही नसतं. माझं भांडण ती फाइल हातानं उघडून बघावी लागते तेव्हाचं आहे. आणि ती बघावी लागतेच. बिलाची तारीख आली की सचिवांचा फोन ठरलेला: “ओ साहेब, पाटलांचं सकाळचं दूध दिसंना झालंय बघा.”

मग रिमोटनं आत शिरायचं आणि फाइल उघडायची. आता फाइलचं ‘दूध’ हे नाव इंग्रजी अक्षरांत कुणी यू घालून लिहितं, कुणी डबल ओ घालून. जरा वेगळं टाइप झालं, तर जगातला कुठलाही शहाणा प्रोग्राम सांगेल की अशी फाइल नाही. हा नाही सांगत. हा त्या नावाचा नवाकोरा रिकामा डेटाबेस उघडून देतो! डॉट टेबल्स, म्हणजे टेबलांची यादी दाखवणारी कमांड, मारा, काही नाही. ना एरर, ना सूचना. संस्थेचा सगळा हिशेब उडाला की काय म्हणून काळजाचं पाणी पाणी होतं, आणि तिकडं फोल्डरात शून्य बाइटचं एक पिल्लू जन्माला आलेलं असतं. रीडओन्ली (फक्त वाचायला) लावून उघडलं तर तक्रार करतो म्हणे. आणि दुरुस्तीच करायची असेल तर? तर फाइलचं नाव यूआरआय, म्हणजे वेबपत्त्यासारखं, करून, पुढं प्रश्नचिन्ह टाकून, मोड आरडब्ल्यू (वाचा आणि लिहा) लिहायचं. नसलेली फाइल नाही आहे एवढं कळायला एवढा मंत्र!

बरं, उघडली फाइल. सिलेक्ट, म्हणजे माहिती मागणारी क्वेरी, लिहिली, शेवटी अर्धविराम राहिला, एंटर मारला. पुढं काय, तर टिंबटिंब आणि बाण. चुकून तिथंच डॉट टेबल्स लिहिलं तर तो ते आधीच्या अर्धवट क्वेरीचंच शेपूट समजतो आणि मग टिंबाजवळ सिंटॅक्स एरर म्हणून आपल्यालाच ओरडतो. एसक्यूएलला, म्हणजे डेटाबेसच्या भाषेला, अर्धविराम पाहिजेच, डॉटवाल्या कमांडला नको. डॉटच्या आधी एक स्पेस आली तरी ती कमांड राहत नाही. त्यात केंद्रावरच्या पीसीवर रीडलाइन, म्हणजे मागच्या कमांडी लक्षात ठेवणारी सोय, न घालता बनवलेली जुनी आवृत्ती असली तर बघायलाच नको. मागची कमांड आणायला वरचा बाण दाबला की पडद्यावर टोपी, चौकटी कंस आणि ए असा कचरा पडतो. अख्खी क्वेरी पुन्हा बडवा.

उत्तर दिसतं कसं तेही ऐका. कॉलमची नावं नाहीत, नुसत्या उभ्या रेघा घालून सगळं चिकटवलेलं. नल, म्हणजे माहितीच नाही, तिथं कोरी जागा, रिकामी स्ट्रिंग म्हणजेही कोरी जागा, ओळखा पाहू! मोड बॉक्स केला तर छान चौकट येते, पण नावं मराठीत असली की तीही वाकडी. शिंदे म्हणजे डोळ्याला दोन अक्षरं, याच्या जुन्या आवृत्तीच्या हिशेबात पाच, कारण वेलांटी, अनुस्वार, मात्रा सगळे सुटे मोजतो. उजवीकडची रेघ प्रत्येक ओळीला वेगळीकडं पळते. फॅट कुणाची आणि लिटर कुणाचे, बोट ठेवून वाचायचं.

आणि फॅटचं तर विचारूच नका. कॉलमचा प्रकार रिअल, म्हणजे दशांश आकडा, लिहिलेला आहे, ढळढळीत. केंद्रावरच्या पोरानं मराठी कीबोर्ड चालू असताना फॅट टाकली, ६.५, देवनागरी आकड्यांत. घेतली की यानं! मजकूर म्हणून ठेवून दिली, रिअलच्या कॉलममध्ये, एका शब्दानं न बोलता. मग सरासरी काढली तर तिथं ही नोंद शून्य धरली जाते, त्या म्हशीची महिन्याची फॅट धाडकन खाली. पण जास्तीत जास्त फॅट कुणाची विचारलं तर हीच ६.५ सगळ्यांच्या वर, 9 आणि 10 च्याही वर, कारण याच्या लेखी कुठलाही मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा. एकच नोंद एका प्रश्नाला शून्य आणि दुसऱ्या प्रश्नाला विक्रम! स्ट्रिक्ट टेबल नावाचा, चुकीच्या प्रकारची नोंद नाकारणारा, उपाय यांनी 2021 मध्ये दिला, पण तो टेबल बनवतानाच लिहावा लागतो. आमचं टेबल त्याच्या कितीतरी आधीचं.

पाटलांचं दूध सापडलं का? सापडलं. आदल्या दिवशी. कारण ‘आज’ची तारीख विचारली की हा ग्रिनिचची सांगतो. आपल्याकडं पहाटे पाचला कॅन लागतात रांगेत, तेव्हा याच्या घड्याळात काल रात्रीचे साडेअकरा. साडेपाचच्या आधी जे दूध घातलं ते सगळं कालच्या खात्यावर. अकरा तारखेला पहाटे घातलेलं दूध एक ते दहाच्या बिलात जाऊन बसतं. लोकलटाइम असा एक शब्द जोडला की बरोबर येतं, पण ज्या कुणी ते सॉफ्टवेअर लिहिलं त्यानं तो जोडला नाही, आणि हा कशाला सांगतोय?

फॉरेन की, म्हणजे एका टेबलातली नोंद दुसऱ्यातल्या नोंदीला बांधून ठेवायची व्यवस्था, तिचंही तेच. 2009 पासून सोय आहे, पण आपणहोऊन चालू नसते. प्रत्येक वेळी खिडकी उघडली की प्रॅग्मा, म्हणजे सेटिंगची कमांड, लिहून चालू करायची. त्या नावातला शेवटचा एस राहिला, तर? एरर येईल? छे! न ओळखलेला प्रॅग्मा हा शांतपणे दुर्लक्षित करतो. आपण समजायचं कुलूप लागलं, आणि सभासद काढला की त्याच्या दुधाच्या नोंदी मागं अनाथ.

बोलतो कधी माहितीये? आपण घाईत असताना. ‘डेटाबेस इज लॉक्ड.’ कुणी धरलाय, ते नाही सांगणार. किती वेळ, तेही नाही. डॉट टाइमआउट दिला नसेल तर क्षणभर थांबण्याचंही सौजन्य नाही. उलट आपण शहाणपणानं बिगिन लावून (म्हणजे कमिट म्हणेपर्यंत बदल पक्का नाही) अपडेट केला आणि कमिट करण्याआधी आकडे तपासत बसलो, तर तिकडं काउंटरवर नोंद अडकते, माणसं किटल्या धरून उभी, आणि पुन्हा सचिवांचा फोन.

यावर ज्ञानी मंडळींचं उत्तर एकच: डॉक्युमेंटेशन वाच. वाचलंय हो! आपल्या खोडींचं एक स्वतंत्र पानच त्यांनी लिहून ठेवलंय. फॉरेन की बंद का, प्रकार ढिले का, दुहेरी अवतरणातलं चुकीचं कॉलमनाव मुकाट स्ट्रिंग का होतं, सगळं कबूल. जुनी प्रोग्रामं मोडू नयेत म्हणून, म्हणे. मान्य, इंजिन बदलू नका, 2050 पर्यंत सांभाळायचं वचन दिलंय तर सांभाळा. पण ही खिडकी तर माणसांसाठी आहे ना? शेवटी 2023 मध्ये ती दुहेरी अवतरणाची खोड या खिडकीपुरती बंद केलीच की त्यांनी. म्हणजे जमतं! मग नसलेली फाइल उघडताना ‘नवीन बनवू का’ एवढं विचारायला कुणाच्या तीर्थरूपांचं काय जातं?