चहाच्या पिशवीचं शवविच्छेदन

औंधच्या ब्रेमेन चौकातल्या सिग्नलला आम्ही इतकी वर्षं ताटकळलोय, की खऱ्याखुऱ्या ब्रेमेनला निघताना फारसं परकं वाटलं नाही. आमच्या शाळेची जर्मन शिकणारी पोरं, तिथल्या शाळेशी अदलाबदल, मुक्काम घरोघरी. सोबत सर म्हणून मी. पालकसभेत प्रश्न दोनच आले: थंडी किती आणि पोळी मिळेल का? कचऱ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. काढणार कशाला? ओला-सुका वेगळा करणारी पुणेकर माणसं आम्ही!

माझे यजमान आजी-आजोबा फार प्रेमळ. गेल्या गेल्या चहा दिला. तो संपल्यावर मी ओली पिशवी चिमटीत धरून डबा शोधू लागलो, तर आजोबांनी ती अलगद माझ्या हातून घेतली आणि ओट्यावर उघडली. चोथा तपकिरी डब्यात. दोऱ्याच्या टोकाचा कागद निळ्यात. दोरा काळ्यात. पिटुकल्या पिनेवरून मात्र आजी-आजोबांचं काही केल्या एकमत होईना. मी पुढे आठवडाभर चहाच सोडला.

मग मी भेट म्हणून नेलेला गणपती काढला. घरी बायकोने तो थर्माकोल, बबलरॅप, वर्तमानपत्र आणि वर सेलोटेप अशा बंदोबस्तात बांधला होता. आजोबांनी चष्मा चढवला. प्लास्टिक पिवळ्या पिशवीत गेलं, पण कागदावरची सेलोटेप सोलण्यात अर्धा तास गेला. बाप्पा टेबलावर बसून निमूट बघत होते.

पोरांना यात गोडी लागली ती वेगळ्याच कारणाने. तिथे पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते; रिकामी बाटली सुपरमार्केटातल्या यंत्रात सरकवली की परत मिळते. पोरांनी मनातल्या मनात गुणाकार केला. झालं! 1404 सालच्या, रोलांड नावाच्या सरदाराच्या पुतळ्याची माहिती ऐकताना यांच्या नजरा बाकांखाली. शाळाभेटीत तिथल्या बाई प्रयोगशाळा दाखवतायत, आणि आमचा एक कार्टा विचारतोय, "सर, ही बाटली त्यांना लागणार आहे का?"

रातहाउसच्या, म्हणजे तिथल्या नगरभवनाच्या शेजारी ग्रिमबंधूंच्या गोष्टीतल्या गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबड्याचा ब्राँझचा पुतळा आहे. गाढवाचे पुढचे पाय दोन्ही हातांनी धरून इच्छा मागायची असते. एकाच हाताने धरले, तर एक गाढव दुसऱ्याशी हात मिळवतंय असं ब्रेमेनकर म्हणतात. आमच्या सगळ्यांचा दुसरा हात बाटल्यांत अडकलेला. फोटो आहेत.

परतताना फ्रँकफर्टच्या विमानतळावर यजमानांनी दिलेले सँडविच खाल्ले. बाहेर कागद, आत चंदेरी फॉइल, मध्ये चीज चिकटलेलं. पोरं डब्यांपुढे वाद घालत उभी आणि आमच्या विमानाची घोषणा झाली.

"टाका रे कुठेही!" मी ओरडलो. शेजारच्या बाकावरच्या जर्मन आजींनी वळून पाहिलं. त्यांना मराठी कळणं शक्यच नव्हतं. तरी मी तो कागद मुकाट्याने घडी करून खिशात घातला.