सर्वधर्म ग्रुप काढायचा, पण त्यात करायचं काय?

काल कट्ट्यावर अस्लमने विषय काढला. आपल्या एरियात सर्वधर्म ग्रुप काढू, गणपती, ईद, आंबेडकर जयंती, नाताळ सगळं एकाच स्टेजवर करू. संदीपने तिथेच मोडता घातला, "स्टेज आलं की बॅनर येणार, बॅनर आला की पुढाऱ्याचा फोटो येणार, मोदक-शिरखुर्मा खाऊन जो तो आपल्या घरी. मग वर्षभर काय?"

मला पटलं त्याचं, म्हणून मी भिवंडीचं काढलं. आपल्या कल्याणातून खाडी ओलांडली की भिवंडी, तरी तिथे काय झालं ते पोरांना माहीत नाही. तिथे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल पेटली, १९८४ ला परत पेटली, माणसं गेली, घरंदारं जळाली. मग सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त असताना त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या, हिंदू-मुस्लिम दोन्हीकडची साधी माणसं एकत्र बसवली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची बारीकसारीक भांडणं तिथल्या तिथे मिटवायची सवय लावली, आणि डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. एवढी बदनाम झालेली भिवंडी! मला तर हे कुठल्याही भाषणापेक्षा मोठं वाटतं.

संदीप म्हणाला, "पण ते पोलिसांचं होतं ना, आज कमिटीत बसलास की लोक खबरी म्हणतील." मुद्दा खोटा नाही. पण दंगलींनंतर मुंबईतही मोहल्ला कमिट्या झाल्या त्यात पोलिसांबरोबर नागरिकही पुढे होते, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे अशी माणसं होती, म्हणजे लोकांनी मनावर घेतलं तर जमतं.

अस्लम जरा चिडलाच, "म्हणजे सण नकोच का?" अरे सण कर ना, पण रात्री अकरा वाजता कुणीतरी मोबाईलवर कुठला तरी जुना व्हिडिओ आपल्याच नाक्याचा म्हणून फिरवतो, पोरं खाली उतरायला लागतात, तेव्हा मी मशिदीच्या गल्लीत कुणाला फोन करू आणि तिकडचा माणूस माझा फोन उचलून माझ्यावर विश्वास का ठेवेल? ती ओळख वर्षातून एकदा हार घालून होत नाही, तुंबलेल्या गटारासाठी दोघं मिळून वॉर्ड ऑफिसला चार खेपा घातल्या की होते.

तेवढ्यात दूध घ्यायला आलेल्या शबाना भाभी थांबल्या, "नळावर रोज आम्ही असतो, भांडण तिथेच सुरू होतं आणि तुमच्या ग्रुपमध्ये सगळे पुरुष?" यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं, त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं.

शेवटी ठरलं की रविवारी सकाळी नळाच्या चौकात बसायचं, बायकांना आधी बोलू द्यायचं, बॅनर नाही. स्टेजचा हट्ट अस्लमने अजून सोडलेला नाही, तो रविवारी परत काढणार आहे.