रावेरच्या भाऊंना उत्तर: बर्फ पुरत नाही

भाऊ, रुग्णाला यकृताच्या पेशी देण्यावरच्या माझ्या लेखावर "केळी शीतगृहात टिकते तशा यकृताच्या पेशी बर्फात टिकतात, बाकी सगळा बाऊ, जळगावात बसून अमेरिकेच्या गप्पा," असं तुम्ही लिहिलंत. मतभेद चालतील, पण 'गप्पा' हा शब्द लागला. अकरा वर्षं मी याच पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजतोय. एक चूक मान्य: लेखात 'सुई' लिहिलं, तिथे 'कॅथेटर', म्हणजे शिरेत घालायची लवचिक नळी, हवं होतं.

आता केळी. रावेरच्या माणसाने तरी हे उदाहरण द्यायला नको होतं. 13 अंशांखाली घड ठेवला की साल काळवंडते, हे तुमच्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. यकृताच्या पेशीचंही तसंच. 4 अंशांवर तिचा प्राणवायूचा खर्च घटतो, खरं. पण सोडियम बाहेर फेकणारा पंपही मंदावतो. सोडियम आत साचतं, मागोमाग पाणी शिरतं, पेशी फुगते. म्हणून साठवायला नुसतं सलाईन चालत नाही. अवयव साठवायच्या विस्कॉन्सिन द्रावणातले लॅक्टोबायोनेट आणि रॅफिनोज हे पदार्थ पेशीत शिरत नाहीत, पाणी बाहेरच धरून ठेवतात.

बरं, बर्फातून काढल्यावर काय? ही पेशी 20 ते 30 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), जड. पेशींची पिशवी नुसती टांगली की थोड्याच वेळात तळाशी गाळ बसतो, गुठळ्या होतात. आधी दाट गोळा यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेत जातो, मागून नुसतं पाणी. फाटे तुंबतात, शिरेतला दाब चढतो, पेशी देणं थांबवावं लागतं. आणि पिशवीत उरलेल्या तोवर मरत असतात. म्हणून पिशवी सतत हलक्या हाताने कलती करायची, दाब मधून मधून मोजायचा. जोरात हलवायची नाही, बारीक नळीतून सिरिंजने रेटायचं तर मुळीच नाही; घर्षणाने पेशीचं पटल फाटतं.

पेशी जिवंत आहे का, ते ट्रिपॅन ब्ल्यू या रंगाने तपासतात; त्यात मेलेली पेशी निळी होते. पण निळी न झालेली धडधाकट असतेच असं नाही. पटल शाबूत, एवढंच कळतं. ऊर्जा संपलेली पेशीही पांढरीच दिसते आणि यकृतात रुजण्याआधीच मरते. जिवंत पेशी 60 टक्क्यांखाली गेल्या की बहुतेक ठिकाणी तो साठा वापरत नाहीत.

अमेरिकेचं म्हणाल तर 1994 साली हैदराबादच्या डॉक्टरांनी अशा पेशी रुग्णांना पोटाच्या पोकळीत दिल्याचं प्रसिद्ध झालंय.

कॅथेटरच्या टोकाशी घेतलेल्या थेंबातल्या जिवंत पेशींचा आकडा तुमच्याकडे असेल तर द्या. मग बोलू.